सर्कल मोठं होणार म्हटलं की आधी तारीख बघा

आमच्या इथं बेळगावात हायवेच्या सर्कलवर अंडरपास आणि दोन्ही बाजूला सर्व्हिस रोड होणार अशी पालिकेत चर्चा सुरू झाली, आणि पुढचे दोन महिने अख्खी गल्ली रोज एकच विचारायची, सभेत काय झालं? कोण म्हणे विषय पुढं ढकलला, कोण म्हणे आपल्या नगरसेवकानं टेबल वाजवून वाजवून थांबवला. आम्ही खूश. आणि तोवर जमीन घ्यायचं गॅझेट (सरकारी राजपत्र) छापून पण झालं होतं, कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून हे लिहायलोय, दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

पहिलं काम, रस्ता कुणाचा ते शोधा. पुणे-बेंगळूर ४८ नंबर (आपला जुना ४) आणि खानापूरवरून गोव्याला जाणारा ७४८ (जुना ४ए), हे केंद्राचे. त्यावर पालिकेतल्या ५८ च्या ५८ नगरसेवकांनी नको म्हटलं तरी तो ठराव म्हणजे शिफारस, जमीन घ्यायचं थांबत नाही. तिथं १९५६ चा नॅशनल हायवे कायदा चालतो. रस्ता शहराचा असेल तर गोष्ट वेगळी, मग सभेत काय होतंय त्याला खरंच वजन आहे, आणि रीतसर भूसंपादन न करता कुणी रुंदीकरण करायलाच लागलं तर गप्प बसू नका. शहापूरहून जुन्या पीबी (पुणे-बेंगळूर) रोडला जोडणारा स्मार्ट सिटीतला रस्ता आठवतोय ना, मालक हायकोर्टात गेला आणि २०२४ मध्ये पालिकेला तयार रस्त्याखालची जागा परत द्यावी लागली.

म्हणून सभेला जाऊच नका असं म्हणत नाही मी. नगरसेवकाला भाषण करू नका सांगा, नकाशा मागा सांगा. डीपीआरचा (सविस्तर प्रकल्प अहवालाचा) नकाशा सभागृहात ठेवा, वळणाची रुंदी कुठून कुठं धरलीय, सिग्नल किंवा एका बाजूचाच सर्व्हिस रोड का चालत नाही, हे प्रश्न प्रोसिडिंगमध्ये लिहून यायला पाहिजेत. नंतर त्याची कॉपी हरकतीला जोडता येते. आरडाओरडा जोडता येत नाही.

आता मेन मुद्दा, २१ दिवस. हायवे कायद्याच्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायची, अधिसूचना गॅझेटात येते, त्यात सर्व्हे नंबर आणि किती जागा ते असतं, आणि तिचा सारांश दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. आपल्याकडं तो कन्नड निघाला तर मराठी पेपर वाचणाऱ्याच्या नजरेला येणारच नाही, म्हणून गल्लीतल्या कॉलेजच्या एका पोराला रोज ई-गॅझेट बघायला लावा. छापल्या तारखेपासून २१ दिवसांत कलम ३सी खाली लेखी हरकत द्यायची, घरी माणूस येऊन नोटीस देईल म्हणून थांबू नका. हरकतीत 'आम्ही गरीब आहोत' एवढंच नको. तुमच्या हिश्श्याचा नंबर चुकलाय का, क्षेत्र जास्त धरलंय का, पलीकडं सरकारी जागा मोकळी असताना घरं का, असं मुद्देसूद लिहा, खाली 'मला समक्ष ऐकावे' हे टाका, आणि इनवर्ड नंबर घातलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'साहेब नाहीत, उद्या या' हे तीन वेळा ऐकायला लागतंय. मग सरळ रजिस्टर पोस्ट.

हलगा-मच्छे बायपासवाल्या शेतकऱ्यांकडं बघा. मोर्चे त्यांनी काढलेच, पण काम अडलं ते कोर्टात, झिरो पॉइंट (रस्ता जिथून सुरू धरतात ती जागा) कुठला हा कागदातला मुद्दा धरून बसले म्हणून.

भाषेचं सांगतो. घटनेचं कलम ३५० म्हणतं, गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत दिलेला अर्ज परत करायचा अधिकार क्लार्कला नाही. पण खरं बोलायचं तर मी सोबत कन्नड कॉपी लावलीच. तत्त्वासाठी २१ दिवसांतले चार दिवस भांडण्यात घालवायचे नसतात. नकाशासाठी आरटीआय टाका, १० रुपये फी, आणि कर्नाटक सरकारच्या ऑफिसला असेल तर एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस जातात, म्हणून गॅझेटच्या आधीच टाकलेला बरा.

बॉन्डवर (खरेदीखत न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर) घेतलेली घरं आपल्याकडं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचं, राहतोय आपण वीस वर्षं. अशांनी पण हताश होऊ नका. जमिनीचे पैसे उताऱ्यावरच्या नावाला जातील, तिथं भांडण होणारच, पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी भागात तीन वर्षं किंवा जास्त राहणारं कुटुंब 'बाधित' धरलंय, आणि त्याच्या पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून हायवेला पण लागू आहेत. तेव्हा हेस्कॉमची (लाईटची) जुनी बिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशन कार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, सगळं एका फाईलला लावा. भाडेकरूंनी पण. फुटपाथवर गाडा लावणाऱ्यांना २०१४ चा वेगळा कायदा आहे, ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही.

पैशाचं थोडक्यात. बाजारभाव, खेड्याच्या हद्दीत त्याला १ ते २ चा गुणक, बांधकामाची किंमत वेगळी, आणि या सगळ्यावर १०० टक्के सोलेशियम (सक्तीनं जागा घेतात म्हणून वर द्यायची रक्कम). मोजणीला माणसं आली की घरचं कुणीतरी हजर पाहिजेच, बोअर, माडी, कंपाउंड, नारळाचं झाड, सगळं यादीत लिहून घ्या, आमच्या शेजारच्या काकूंचा हौद राहिला तो राहिलाच. रक्कम कमी वाटली तरी पैसे नाकारून बसायची गरज नाही, 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहून घ्या आणि लवादाकडं जा, तो बहुतेक वेळा डीसीच (जिल्हाधिकारी) असतो.

आणि ताबा द्या म्हणून नोटीस आली तर त्यासाठी ६० दिवस असतात, ते पण भरपाई आधी जमा झाली असेल तरच. जेसीबी घेऊन कोण आलं तर पैसे जमा केल्याचा कागद दाखवा म्हणा, आणि बोलता बोलता मोबाईलवर शूटिंग चालू ठेवा.