मोटरहोमच्या शॉवरचा तळ दबतो तेव्हा: दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘शॉवरमध्ये उभं राहिलं की पायाखाली दबतं’ अशी तक्रार घेऊन मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आली की नवशिक्याचा हात आधी फोमच्या डब्याकडे जातो. ट्रेला भोक पाडायचं, फोम सोडायचा, भोक बुजवायचं आणि गाडी परत द्यायची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, तो डबा खाली ठेवा. नेमकं काय दबतंय हे कळेपर्यंत तिथे काहीही ओतायचं नाही.

पायाखाली एकच थर नसतो. सगळ्यात वर शॉवर ट्रे. तो बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढलेला असतो, काही गाड्यांत फायबरग्लासचा. त्याखाली आधार म्हणून थर्मोकोलचे तुकडे किंवा लाकडी रिपा असतात, आणि कधी कधी मधल्या भागात काहीच नसतं. सगळ्यात खाली गाडीचा स्वतःचा तळ, जो अनेक गाड्यांत वर-खाली प्लाय आणि मध्ये कडक फोम असा चिकटवलेला असतो. आधार खचला, तळातला प्लाय फोमपासून सुटला किंवा लाकूड कुजलं, तिन्हींत पायाला जाणवतं ते सारखंच. इलाज मात्र तिन्हींचे वेगळे.

म्हणून आधी हाताने आणि कानाने तपासायचं. बोटांच्या पेरांनी ट्रेवर वीतभर अंतरावर ठोकत जा. आधार असेल तिथे आवाज भरीव येतो, नसेल तिथे पोकळ. मग शॉवरच्या बाहेर, दारापाशी, जमिनीवर टाच दाबून बघा. तिथेही दबत असेल तर दोष ट्रेपुरता नाही. कॅसेट टॉयलेट (ज्याची मैल्याची टाकी बाहेरून काढता येते) असलेल्या गाडीत बाहेरचं छोटं दार उघडून टाकी काढली की बऱ्याचदा शॉवरच्या कडेचा तळ दिसतो. ही फुकटची खिडकी सोडू नका. शेवटी गाडीखाली जा, ड्रेनच्या पाइपाभोवती टोच्याने हलकेच टोचा. चांगल्या प्लायमध्ये टोक अडतं, कुजलेल्यात विनासायास आत जातं.

ओल मोजायचं यंत्र घ्याच, दोन सुया असलेलं. लाकडात १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा सहसा काळजीचा नसतो. २० च्या वर गेला की कुजवणाऱ्या बुरशीची शक्यता सुरू होते, आणि २८-३० च्या आसपास लाकडाचे तंतू पाण्याने पूर्ण भरलेले असतात. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही. तळाचा ढोबळ नकाशा कागदावर काढून जागोजागचे आकडे लिहा. आकडे ज्या दिशेला चढत जातात, तिकडे पाण्याचा उगम शोधायचा.

उगमाचा शोध हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि तो घाईत होत नाही. पाणी चार वाटांनी येतं, चारही वेगवेगळ्या तपासायच्या. आधी ड्रेनला बूच लावून ट्रेमध्ये थोडं पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि थांबा. पातळी उतरली तर ट्रेला चीर आहे किंवा ड्रेनच्या कडेचा सांधा सुटलाय. पाण्यात खायचा रंग घातला तर खाली डाग लगेच ओळखू येतो. मग बूच काढा, पाणी जाताना खालचे पाइप कोरड्या कागदाने पुसून पाहा. तिसऱ्यांदा फक्त भिंतींवर आणि कोपऱ्यांच्या सिलिकॉनवर पाणी मारा. चौथी वाट दाबाची: सगळे नळ बंद ठेवून पंप चालू करा. कोणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनमधून घुरघुरला तर दाबाच्या बाजूला कुठेतरी गळतंय, किंवा पंपातून पाणी मागे उतरतंय. थंडीत पाणी न काढता उभ्या केलेल्या गाडीत भिंतीआडचा नळ हमखास तपासा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि नळाच्या प्लास्टिकला ते सोसत नाही.

अनेक ट्रेना दोन कोपऱ्यांत दोन ड्रेन असतात, कारण गाडी प्रत्येक वेळी समपातळीत उभी राहत नाही. ढाळ उलटा झाला की पाणी दुसऱ्या कोपऱ्यात साचतं. त्यातलं एक ड्रेन केसांनी तुंबलेलं असेल तर त्याच कोपऱ्याचा सांधा सतत पाण्यात राहतो. आणि एकदा ट्रे लवायला लागला की दर अंघोळीला ड्रेनचा सांधा ताणला जातो, त्यातून पाणी झिरपतं, खालचं लाकूड नरम होतं, ट्रे आणखी लवतो. हे चक्र तोडायचं तर गळती आणि आधार दोन्ही दुरुस्त करावे लागतात.

मग सुकवणं. मालकाला गाडी लवकर हवी असते, आणि नवा माणूस इथे दबावाखाली येतो. ओल्या लाकडावर चिकटवलेलं काहीच टिकत नाही, आणि आत कोंडलेली ओल कुजणं चालूच ठेवते. ओल शोषणारं यंत्र लावा, हवा खेळती ठेवा, आकडे खाली येईपर्यंत झाकू नका. यात कधी कधी आठवडे जातात. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, आणि खर्चाचा अंदाजही दोन टप्प्यांत द्या: आधी उघडून तपासण्याचा, दुरुस्तीचा नंतर. उघडण्याआधी पूर्ण आकडा सांगणं मालकावर अन्याय आहे आणि तुमच्यावरही.

तळ कोरडा आणि टणक असेल, फक्त आधार नसेल, तर काम सोपं. ट्रे निघत असेल तर कडक एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट) तुकडे नेमक्या उंचीचे कापून पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने बसवा. पण अनेक गाड्यांत ट्रे आधी बसवून भिंतीचे पॅनेल त्याच्या काठावर आणलेले असतात, त्यामुळे भिंत सोडवल्याशिवाय तो निघत नाही. तेव्हा फोम वापरायला माझी हरकत नाही, पण दोन भागांचा, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा, आणि कमी फुगणारा. डब्यातला साधा एकेरी फोम हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो, बंद पोकळीत त्याचा मधला भाग कितीतरी काळ चिकट राहतो, आणि जास्त फुगला तर ट्रे वर उचलतो. हवा निघायला जादा भोकं ठेवा, थोडा थोडा सोडा, आणि तेवढा वेळ ट्रेमध्ये पाणी भरून ठेवा. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या ट्रेत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ३६ किलोचं सगळीकडे सारखं पसरलेलं वजन.

प्लाय फोमपासून सुटला असेल पण कुजला नसेल, तर फक्त वरच्या प्लायला भोकं पाडून दोन भागांचं रेझिन आत सोडतात आणि पॉलिथिन अंथरून वर वजन ठेवतात. कुजलं असेल तर कापायचंच. काळा डाग संपतो तिथे थांबू नका, टोच्या अडतो त्याच्याही हातभर पुढे जा. करवतीची खोली प्लायच्या जाडीइतकीच बांधा. खाली गॅसची नळी, वायरी किंवा पाण्याची टाकी असू शकते. गॅस बंद, बॅटरी आणि बाहेरची वीज तोडलेली, हे कापण्याआधी स्वतः बघा, दुसऱ्याच्या शब्दावर नको. नवा तुकडा मरीन प्लायचा घ्या, कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, सांध्याखाली रीप द्या.

ट्रेची चीर बुजवताना आधी तो कशाचा आहे ते पक्कं करा. एबीएसवर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. तिथे एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा चालतो. फायबरग्लासला ॲसिटोनने काही विरघळत नाही, तिथे रेझिन आणि काचतंतूंची मॅट. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडलं की ती पुढे पळत नाही. ॲसिटोन पटकन पेटतं, म्हणून गाडीतली प्रत्येक ज्योत विझलेली हवी, खिडक्या उघड्या आणि हातात मोजे.

सिलिकॉन सगळ्यात शेवटी. जुनं शेवटच्या पापुद्र्यापर्यंत काढा, कारण त्याच्यावर नवं चिकटत नाही. सांधा भरायच्या आधी ट्रेमध्ये पाणी भरा, म्हणजे फट जेवढी उघडायची तेवढी उघडते आणि सिलिकॉन त्याच रुंदीत घट्ट होतं. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

त्यानंतर चारही तपासण्या पुन्हा, त्याच क्रमाने. नकाशावर नवे आकडे तारखेसह लिहा, एक प्रत मालकाला द्या आणि काही आठवड्यांनी गाडी परत मोजायला बोलवा.