परजीवी तण: आधी हरितलवक बघा, मग तणनाशक निवडा

तंबाखू, टोमॅटो, वांग्यात बंबाखू (पिकाच्या मुळावर जगणारे परजीवी तण) दिसला की मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारून पैसे घालवू नका. मेट्रिब्युझिन, ॲट्राझिन ही औषधे प्रकाशसंश्लेषणातील डी-१ प्रथिनावर बसतात. त्याचे जनुक हरितलवकाच्या (पेशीतील अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाच्या) जीनोममध्ये, म्हणजे जनुकांच्या संपूर्ण संचात असते. बंबाखूला पिकाच्या मुळातून आयते अन्न मिळते, म्हणून त्याची ही जनुके कामातून गेली आहेत. औषध बसायला जागाच नाही. तंबाखूच्या हरितलवकाचा जीनोम सुमारे १,५६,००० बेस-जोड्यांचा आहे. बंबाखूच्या कुळातील एपिफेगसचा १९९२ मध्ये वाचला गेला, तो भरला ७०,०२८, जनुके फक्त ४२.

तरी लवक पूर्ण निकामी नसते. मेदाम्ले आणि काही अमिनो आम्ले तिथेच बनतात. ग्लायफोसेट हे तणनाशक अमिनो आम्ले बनणेच रोखते, त्यामुळे ते बंबाखूला लागू पडते. अडचण एवढीच, की ते पिकालाही सोडत नाही. म्हणून कोंब वर येताच शेंड्यावर सोयाबीन किंवा कडुनिंबाच्या तेलाचे दोन थेंब टाका, कोंब कुजतो. फुलण्याआधी उपटून जाळा. खताच्या खड्ड्यात अजिबात नको: बी धुळीसारखे बारीक आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहते.

ज्वारी, उसातला टारफुला हिरवा असतो, प्रकाशसंश्लेषणाची बरीचशी जनुके शाबूत असतात. पण तो वर दिसेपर्यंत जमिनीखाली मुळाला चिकटून पिकाचे नुकसान करून बसलेला असतो, म्हणून उशिराच्या फवारणीचा मुख्य फायदा बी धरू न देणे हाच. खरा उपाय फेरपालटाचा: कपाशी, चवळी किंवा भुईमूग घ्या. यांच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बी उगवते, पण चिकटायला मूळ न मिळाल्याने मरते. नत्र कमी पडू देऊ नका, भुकेल्या ज्वारीवर टारफुला जास्त येतो.

अमरवेल या दोघांच्या मधली. काही जातींत थोडे हरितद्रव्य टिकते, पण वाढ यजमानावरच, म्हणजे ज्या पिकाला ती चिकटते त्यावरच. कांद्यात लागवडीनंतर २-३ दिवसांत, अमरवेल उगवण्याआधी, ओल्या जमिनीवर पेंडीमिथॅलिन ३० टक्के, हेक्टरी ३.३ लिटर, ५०० लिटर पाण्यातून फवारा (लेबलवरील मात्रा ओलांडू नका). पिकाला विळखा बसल्यावर याचा उपयोग नाही. मग शेतात अमरवेलीचा पुंजका दिसेल तिथे भोवतीच्या हातभर निरोगी पिकासह कापून जागीच जाळा. ओढून नेताना गळालेला तुकडा पुन्हा चिकटतो. लसूणघासाचे बी चाळून, अमरवेलीचे दाणे नाहीत याची खात्री करूनच पेरा.