सौर वादळाच्या नावाने खडे फोडण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात पारा ४३-४४ वर टेकला की सोलापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तो मेसेज येतोच: सूर्यावर वादळ उठलंय, म्हणून ऊन वाढलंय. मग डिश बंद पडली, मोबाइलचा नकाशा भरकटला, जमीन मोजणीच्या रोव्हरला (पोलवरच्या जीपीएस यंत्राला) फिक्स, म्हणजे अचूक जागा, मिळेना, सगळ्याचं खापर त्याच वादळावर. वादळ खोटं नसतं, त्याचा पत्ता चुकीचा असतो. शहानिशा करायची असेल तर आधी एकच विचारा: बिघाड नेमका किती वाजता झाला?

चूक पहिली: उन्हाचा आणि वादळाचा संबंध जोडणे

सौर वादळ म्हणजे सूर्याने फेकलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात माजलेली खळबळ. तिचा खरा धुमाकूळ चालतो तो जमिनीपासून साधारण ९० किलोमीटरच्या वर, थर्मोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या वरच्या थरात. तिथलं तापमान एरवीही शेकडो अंशांत असतं आणि मोठ्या वादळात त्यात आणखी काही शे अंशांची भर पडते. पण तिथली हवा इतकी विरळ, की त्या उष्णतेचा खाली मागमूसही लागत नाही. फुलबाजीची ठिणगी रसरशीत तापलेली असूनही हाताला चटका बसत नाही, तसंच हे. वादळानंतर तर वरच्या थरातला नायट्रिक ऑक्साइड वायू ती उष्णता अवकाशात फेकतो आणि कधीकधी तो थर आधीपेक्षाही थंड होतो.

हा गैरसमज पक्का व्हायला २०२४ साली एक योगायोग मिळाला. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि २००३ नंतरचं पहिलं जी-५ दर्जाचं, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं, वादळ आलं तेही १० मेला. ऊन आपल्या अक्षांशाचं आणि कोरड्या रानाचं होतं.

चूक दुसरी: वादळाने उपग्रह जळतात असं मानणे

थर्मोस्फिअर तापला की फुगतो. खालची दाट हवा वर सरकते आणि तिथून फिरणाऱ्या उपग्रहांना घर्षण वाढतं. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ असेच गेले. ते तेव्हा जेमतेम २१० किलोमीटरवर होते आणि वादळ काही फार मोठं नव्हतं. ते जळाले खरे, पण वेग कमी होऊन खालच्या दाट हवेत शिरल्यावर. साठी ओलांडलेल्या कुणालाही स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश प्रयोगशाळेबद्दल विचारा. ११ जुलै १९७९ ला ती कोसळली, त्याआधी गावोगावी आता आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून घबराट होती. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, घर्षण वाढलं आणि ती अंदाजाच्या आधीच खाली आली.

चूक तिसरी: वेळ न बघता बातमी वाचणे

सौरज्वाला (सूर्यावरचा किरणांचा स्फोट) आणि सौर वादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात आणि ६० ते ९० किलोमीटरच्या थरात आयनीभवन (अणूंवर विद्युतभार येणं) वाढवतात. त्यात शॉर्टवेव्ह रेडिओ मंदावतो, पण फक्त जिथे दिवस असेल तिथे. म्हणजे रात्री ११ ला ज्वाला झाली, तर आपल्या हॅमवाल्यांनी (हौशी रेडिओवाल्यांनी) तिच्यावर बोट ठेवायचं कारण नाही. सौर वादळ उठवणारा, सूर्याने फेकलेला प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांचा) लोट मात्र साधारण एक ते तीन दिवसांनी येतो, फारच वेगवान असला तर १५ ते १८ तासांत. तो आला तरी त्याच्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असावं लागतं, नाहीतर मोठा लोटही फुसका निघतो.

शिवाय सगळे तक्ते यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असतात. १० मे २०२४ चा धक्का १७ वाजता नोंदलेला दिसतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्या दिवशी दुपारी फोन अडखळला असेल, तर वादळ तेव्हा वाटेतच होतं.

चूक चौथी, आणि सोलापुरात सगळ्यात महागात पडणारी

मार्चची संध्याकाळ. मोहोळकडच्या एका बांधावर मोजणी चालू आहे. दुपारचं ऊन टाळायचं म्हणून काम उशिरा सुरू झालंय. आठ वाजायला आले, पोल सरळ उभा आहे, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आहे, उपग्रह भरपूर दिसतात, पण कंट्रोलरच्या पडद्यावर 'फ्लोट', म्हणजे फिक्स न मिळाल्याची खूण, हटत नाही. दोन सेंटिमीटरची अचूकता अर्ध्या मीटरवर गेलेली. शेजारी शेतकरी हद्दीसाठी ताटकळलेला. कुणीतरी म्हणतं, सौर वादळ असणार.

बहुतेक वेळा नसतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि सोलापूर त्याच्या फार लांब नाही. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित थर) वर उचललं जातं आणि त्यात कमी घनतेचे प्लाझ्मा बुडबुडे तयार होतात. जीपीएसचा सिग्नल त्यातून येताना लुकलुकतो. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र हा त्यांचा हंगाम. वादळ असो वा नसो.

वादळाचा इथला परिणाम तर सरळ नाहीच. त्याचा जोर बरोबर आपल्या तिन्हीसांजेला आला तर बुडबुडे वाढू शकतात. पण तो मध्यरात्रीनंतर ओसरला, तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ नेहमीपेक्षा शांतही जाऊ शकते. त्यामुळे 'केपी ८' (केपी म्हणजे ० ते ९ असा वादळाच्या जोराचा आकडा) वाचून दोन दिवस काम बंद ठेवणं मला पटत नाही. केपी आकडा मुख्यतः मध्यम अक्षांशांवरच्या वेधशाळांवरून काढतात. आपल्यासाठी डीएसटी हा वादळाचा दुसरा आकडा जास्त बोलका, कारण तो कमी अक्षांशांच्या नोंदींवरून निघतो.

मग करायचं काय? करेक्शन (नेटवर्कवरून रोव्हरला येणारी दुरुस्ती) किती सेकंद जुनं आहे ते बघा. ते वाढत चाललं असेल तर दोष मोबाइल नेटवर्कचा. ते ठीक असेल तर पन्नास-साठ पावलं सरका, आंब्याचं झाड किंवा पत्र्याचं शेड मागे टाका. तरीही फ्लोटच आणि घड्याळात आठ, तर बुडबुडे समजा आणि पोल गाडीत टाका. हद्दीचे बिंदू सकाळी घ्या. फ्लोटवर घेतलेला बिंदू 'नंतर बघू' म्हणून ठेवला की तोच पुढे भाऊबंदकीचं कारण होतो.

डिशचं काय?

टीव्हीची डिश ज्या लहरी पकडते त्यांना आयनोस्फिअर फारसं अडवत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा सप्टेंबर संपता संपता, भर दिवसा रोज जवळपास त्याच वेळी काही मिनिटं चित्र जात असेल, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवसांत ते आपोआप थांबतं, तोवर गच्चीवर चढून डिशचा कोन बदलू नका. पावसाळ्यात आभाळ भरून आल्यावर गेलं, तर पाऊस उघडायची वाट बघा.