पावतीपुस्तक आधी, भिंत नंतर

गिरगावात भाड्याच्या एका खोलीत आम्ही नवोदित चित्रकारांसाठी गॅलरी चालवतो. ‘असंच काहीतरी सुरू करायचंय’ म्हणून महिन्याला एखादा फोन येतोच. पहिला प्रश्न ठरलेला: दिवे कोणते लावलेत? मी विचारते, नोंदणी झाली का? पलीकडे शांतता.

आम्ही 1950च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली गॅलरीचा न्यास (ट्रस्ट) केला. म्हणजे वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे आले. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यायचा असतो. आम्ही विसरलो आणि ते निस्तरण्यात वर्ष गेलं. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी 80जी मान्यता मिळाली तरी 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये ओळखीची माणसं रुसतात. शिवाय विक्रीवरचं कमिशन व्यापारी उत्पन्नात धरलं गेलं आणि ते एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेलं, तर न्यासाची स्वतःची करसवलतच अडचणीत येऊ शकते. सीएला हे पहिल्याच भेटीत विचारा.

खरा कस लागतो तो किंमत ठरवताना. जे.जे. कला महाविद्यालयातला शेवटच्या वर्षाचा एक मुलगा बदलापूरहून कोळशाची सात चित्रं आईच्या जुन्या साडीत गुंडाळून लगेजच्या डब्यातून घेऊन आला. किंमत विचारली तर मान खाली. “ताई, तुम्हीच लावा ना.” मी कागद-पेन पुढे केलं. सामान, फ्रेम, येणंजाणं धरून एका चित्राला 1,900 रुपये आले; मेहनतीचे चार दिवस वेगळे. बऱ्याच खोडाखोडीनंतर 8,500 ठरले. उद्घाटनाला एकाने “5,000 देतो, आत्ता नेतो” म्हटलं. पोरगं हो म्हणणार, तेवढ्यात मी त्याला चहा सांगायला खाली पिटाळलं. कालच एकीने त्याचंच दुसरं चित्र पूर्ण पैसे मोजून घेतलं होतं. तिला काय तोंड दाखवायचं?

विक्रीच्या किमतीतले 20 टक्के आम्ही ठेवतो. खासगी गॅलऱ्यांत हे निम्म्यापर्यंत जातं. पैसे जमा झाले की आठ दिवसांत चित्रकाराच्या खात्यात, मग विजेचं बिल थकलं तरी चालेल. एकदा आम्ही एका मुलीचे पैसे देण्याआधी बिल भरलं होतं. ती मुलगी पुन्हा आली नाही.

पावसाळ्यात कागदावरची कामं लावू नका. पहिल्याच जुलैत काचेआड बुरशीचे ठिपके उठले. फ्रेमवाल्या काकांनी मग फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायला शिकवलं, ओल्या भिंतीपासून जरा हवा खेळते. चित्र काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, तर हवाच.

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं लागतात, पण तिथे रस्त्यावरची माणसंही सहज आत शिरतात. आमच्याकडे जिना चढून कोण येणार? म्हणून रविवारी संध्याकाळी वाडीतल्यांसाठी दार सताड उघडं ठेवतो. त्या मुलाच्या प्रदर्शनात खालच्या काकू एका चित्रासमोर बराच वेळ थांबल्या. “आमच्याच चाळीचा जिना ना रे हा? मग नळ कुठाय? डाव्या हाताला नळ आहे.” मुलाने वही काढली आणि त्यांच्यामागोमाग खाली गेला.