ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची वही

बी.कॉम.नंतर फायनान्समध्ये एमएमएस, म्हणजे मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी, करायचं हे माझं पक्कं होतं. कुठे करायचं, हा प्रश्न सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यावर कळव्याच्या घरात उभा राहिला. जो तो पर्सेंटाइल विचारायचा आणि आकडा ऐकून म्हणायचा, "जमनालालचं विसर." जमनालाल बजाज हे मुंबईतलं सगळ्यात मागणी असलेल्यांपैकी एक कॉलेज, ते माझ्या हाती लागणार नव्हतंच, पण त्यानंतरच्या नावांचं काय, हे कोणी सांगेना.

तेव्हा मी एक वही केली. सीईटी सेल दरवर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, प्रत्येक फेरीचे कटऑफ जाहीर करतो. त्यात कॉलेज, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटीची जागा की बाहेरची, हे सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. माझी पदवी मुंबई विद्यापीठाची, ओबीसी प्रवर्ग. म्हणून तेवढेच रकाने बघितले. मागच्या दोन वर्षांचा पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा आकडा शेजारी शेजारी लिहिला. दोन्हींच्या वर असेन तिथे "नक्की", मधे असेन तिथे "आशा". चर्चगेटच्या सिडनहॅमचं सिमस्री, नेरूळचं एसआयईएस, बेलापूरचं भारती विद्यापीठ, ठाण्यातलं बेडेकर, अशी बारा नावं झाली.

प्लेसमेंटचं पत्रक हातात आलं की सरासरी पगाराला भुलू नका. नऊ जणांना सहा लाख आणि एकाला तीस लाख मिळाले, तर सरासरी 8.4 लाख निघते. मधला आकडा मात्र सहाच. मी प्रत्येक कॉलेजला मध्यक विचारला. एका ठिकाणी सांगायलाच तयार नव्हते. मग संध्याकाळी पाचला त्यांच्या गेटवर थांबून दुसऱ्या वर्षाच्या दोघींना गाठलं. त्यातली एक म्हणाली, "ताई, फायनान्सच्या नावाखाली बहुतेकांना बँकेत विमा आणि कर्ज विकायला लावतात." विक्रीचं काम वाईट नाही, पण मला क्रेडिट ॲनालिसिस, म्हणजे कर्ज मागणाऱ्याची ते फेडायची ताकद तपासण्याचं काम, करायचं होतं. ते नाव मी त्याच रात्री खोडलं.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम फार जपून लावा. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही. माझ्या मैत्रिणीने भीतीपोटी घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं आणि पहिल्याच फेरीत तिला तेच लागलं. तिचे गुण त्याहून वरच्या दोन ठिकाणी सहज बसत होते. मला आजही त्याची हळहळ वाटते. आवडीचं वर, खात्रीचं खाली, एवढं लक्षात ठेवा. खालच्या नावांमुळे वरच्याची संधी कमी होत नाही.

नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निकालाची वाट न बघता काढा. त्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून आधीच्या वर्षासाठी काढलेला चालत नाही. सेतू केंद्रात मे-जूनमध्ये तोबा गर्दी असते.

मला नेरूळ मिळालं. चर्चगेटला जायचं तर दादरला गाडी बदलावी लागली असती. इथे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची थेट गाडी होती. रबाळे-घणसोलीपर्यंत बसायला जागा मिळाली की मी ताळेबंद वाचायला काढायचे. आता शेजारची पूजा सीईटी देतेय. काल ती वही मागायला आली, तेव्हा मी तिला कोरी वही दिली आणि कटऑफ कुठे बघायचे ते दाखवलं. माझे आकडे जुने झालेत, तिचा प्रवर्गही वेगळा आहे.