शैवालाच्या विषावर काम करायचंय? आधी पेशी निवडा

या विषयात नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण मला आधी विचारतो, "डोस किती घेऊ?" मी उलट विचारते, "पेशी कुठल्या घेणार आहेस?"

मायक्रोसिस्टिन-एलआर हे निळ्या-हिरव्या शैवालाचं, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचं, सर्वाधिक अभ्यासलं गेलेलं विष. सात अमिनो आम्लांचं हे वलय पेशीपटलातून सहज झिरपत नाही. त्याला आत न्यायला ओएटीपी गटातली वाहक प्रथिनं लागतात. ती यकृताच्या पेशींवर भरपूर असतात, म्हणून पहिला फटका यकृताला. हेप-जी-२ ही यकृताच्या कर्करोगापासूनची सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशी) वाढवायला सोपी, पण तिच्यात हे वाहक फारच कमी. विष घातलं तरी पेशी मजेत राहतात आणि 'विष सौम्य आहे' असा भलताच निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा प्राथमिक हेपॅटोसाइट, म्हणजे थेट यकृतातून काढलेल्या पेशी, घ्या, किंवा ओएटीपी-१बी१ वा १बी३ चं जनुक घातलेली सेल लाइन. प्राथमिक पेशीही कल्चरमध्ये हळूहळू वाहक गमावतात. ताज्या असतानाच प्रयोग उरका.

आत शिरलेलं विष पीपी-१ आणि पीपी-२ए ही प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारी विकरं बंद पाडतं. घालणारी विकरं मात्र चालूच. पेशीच्या सांगाड्यातल्या केराटिन या प्रथिनावर फॉस्फेट साचत जातं आणि तो सांगाडा ढासळतो. मायक्रोस्कोपखाली हे बघण्यासारखं असतं: एकमेकींना चिकटलेल्या बहुकोनी पेशी आक्रसून गोल होतात, कडेला फुगे धरतात, शेजारणीपासून सुटतात. प्राण्याच्या शरीरात याच पडझडीमुळे यकृतातच रक्तस्राव होतो. आकारातला हा बदल एमटीटीचा, म्हणजे जिवंत पेशी मोजणाऱ्या रंग-चाचणीचा, आकडा पडण्याआधी दिसू शकतो, तेव्हा नुसत्या प्लेट रीडरवर विसंबू नका.

कंट्रोलमध्ये एक प्लेट विषासोबत रिफॅम्पिसिन या औषधाची ठेवा. ते ओएटीपी अडवतं. त्याने पेशी वाचल्या, तर विष त्याच वाटेने शिरलं याला पुष्टी मिळते. द्रावकाचा कंट्रोल (विष ज्यात विरघळवलं, नुसतं ते घातलेल्या पेशी) तर हवाच.

पाण्यातल्या द्रावणातून हे विष प्लास्टिकच्या टिपांना चिकटतं. पातळ द्रावणं काचेच्या भांड्यात करा आणि खरी मात्रा एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), २३८ नॅनोमीटरच्या प्रकाशाला, मोजून घ्या. उकळून ते नष्ट होत नाही, हे टाकाऊ द्रव फेकताना विसरू नका. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून गेलेल्या या विषाने ५० हून अधिक रुग्ण दगावले.

आता डोस. रेणूभार सुमारे ९९५, म्हणजे लिटरला १ मायक्रोग्रॅम हे जवळपास १ नॅनोमोलर. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकालीन मार्गदर्शक मर्यादाही तेवढीच आहे. खालचं टोक तिथे ठेवा आणि वर चढत जा.