घरी रेकॉर्ड केलेला गाण्याचा आवाज मिक्समध्ये कसा बसवावा

गाणं सुरात आहे, माइक बरा आहे, तरीही आवाज वाद्यांवर वरून चिकटवल्यासारखा वाटतो. मग सल्ले सुरू होतात: अमुक प्लगिन घ्या, तमुक प्रीसेट लावा, माइक बदला. यातलं काहीही लगेच करू नका. तुम्ही ज्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करता, त्यातलेच इक्वलायझर (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) या कामाला पुरतात. प्रीसेट बनवणाऱ्याने तुमचा गायक ऐकलेला नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतात.

रेकॉर्डिंग

माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर (प, फ ची फुंकर अडवणारी जाळी), पंखा बंद, २४ बिट, आणि सगळ्यात जोरकस ओळीला मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास. बाकी तुम्हाला ठाऊक असेलच. खोलीबद्दल मात्र एक गोष्ट सांगतो, कारण इथे हमखास उलटं केलं जातं. बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त ऐकतात आणि मागचं कमी. त्यामुळे जाड रजई किंवा गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा. माइकचं तोंड तिकडेच असतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांनी खोलीचा घुमारा जात नाही, फक्त भिंत खराब दिसते. हा घुमारा एकदा रेकॉर्ड झाला की इक्वलायझरने निघत नाही आणि पुढे कॉम्प्रेसर तो आणखी वर काढतो.

टेक निवडणे

तीन-चार टेक घ्या, म्हणजे गाणं तीन-चारदा रेकॉर्ड करा, चांगल्या ओळी जोडा, प्रत्येक जोडावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा वर येतो. सूर दुरुस्त करायचा असेल तर तोही इथेच, पुढचं काहीही लावण्याआधी.

पातळी हाताने सारखी करणे

ही पायरी सगळे वगळतात आणि मग कॉम्प्रेसरला शिव्या देतात. मुखडा खालच्या पट्टीत हळुवार, अंतऱ्यात तार सप्तकात खुला गळा. दोन्हींत सहज १० डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक एकट्या कॉम्प्रेसरवर सोपवलात तर मुखड्याला तो शिवतही नाही आणि अंतरा चिरडून टाकतो. म्हणून आधी ट्रॅक ओळीओळीने कापा आणि प्रत्येक तुकड्याची पातळी, म्हणजे क्लिपचा गेन, वरखाली करा. फेडरला (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीला) हात लावू नका, कारण फेडर कॉम्प्रेसरच्या नंतर येतो आणि आपल्याला आवाज आत जाण्याआधीच सावरायचा आहे. ओळी एकमेकींच्या ३–४ डेसिबलच्या आत आल्या की थांबा. वाक्याच्या शेवटी विरणारा शब्द तेवढा थोडा उचला. मोठे श्वास ५–६ डेसिबलने कमी करा, पण पुसून टाकू नका. श्वास नसलेलं गाणं ऐकताना ऐकणाराच गुदमरतो. काम कंटाळवाणं आहे. पण ते केलं की पुढचं अर्धं संकट टळतं.

इक्वलायझर

८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज कोंदट वाटत असेल तिथे २–३ डेसिबल कमी करा. वरची चमक वाढवायची घाई नको. ते कॉम्प्रेसरनंतर बघू.

कॉम्प्रेसर

इथे बहुतेकांची गाडी अडते. माझीही बराच काळ अडून होती.

कॉम्प्रेसर काय करतो ते सोपं आहे. थ्रेशोल्ड नावाची पातळी ओलांडणारा आवाज तो ठरावीक प्रमाणात दाबतो. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या वर ४ डेसिबल गेलेला सूर बाहेर येताना १ डेसिबलच वर असतो. गोंधळ होतो तो अटॅक आणि रिलीजपाशी. दाबायला किती वेळात सुरुवात करायची आणि सोडायला किती वेळ घ्यायचा, हे त्या दोन बटनांवर ठरतं. पण दाब थोडा असताना ती फिरवून फरक ऐकूच येत नाही. म्हणून लोक कुठूनतरी आकडे उचलतात. उचललेला आकडा तुमच्या गाण्याच्या लयीला आणि गायकाच्या फेकीला लागू पडेलच असं नाही.

यावर उपाय म्हणजे आवाज आधी मुद्दाम बिघडवायचा. रेशो १०:१ करा आणि मीटर सतत १२ डेसिबलच्या आसपास दाब दाखवेल इतका थ्रेशोल्ड खाली आणा. रिलीज सगळ्यात वेगवान ठेवा. ऐकायला भयंकर वाटेल. वाटू द्या.

आता फक्त अटॅक फिरवा. ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात केलीत तर क, त, प ही व्यंजनं टोचून बाहेर येतील. वेग वाढवत १ मिलिसेकंदाच्या खाली गेलात की तीच व्यंजनं बोथट होतील आणि गायक वाद्यांच्या मागे जाऊन उभा राहील. शब्द स्पष्ट आहेत पण टोचत नाहीत, अशी जागा मध्ये कुठेतरी सापडते. मला ती बहुधा ५ ते २० मिलिसेकंदांत मिळते.

मग रिलीज. फार वेगवान असेल तर प्रत्येक शब्दामागचा श्वास उसळून अंगावर येतो, खर्जात बारीक खरखरही ऐकू येते. फार संथ असेल तर एका जोरदार शब्दाने पुढचे दोन शब्द दबून जातात. मीटरकडे बघा: दोन ओळींमधल्या विसाव्यात काटा शून्यावर परतला पाहिजे आणि शब्दांबरोबर हलला पाहिजे. ६० ते १५० मिलिसेकंदांत हे बहुतेकदा जमतं. संथ आलाप आणि द्रुत तान एकाच ट्रॅकवर असतील तर एका रिलीजने दोघांचं भागवू नका, दोन ट्रॅक करा.

एवढं झाल्यावर रेशो ३:१ किंवा ४:१ वर आणा आणि शेवटी थ्रेशोल्ड वर चढवा. जोरकस शब्दांवर ४ ते ६ डेसिबल दाब, हळुवार शब्दांवर काटा स्थिर. हळुवार शब्दांवरही काटा हलत असेल तर तुम्ही जास्त दाबताय, कोणी काहीही म्हणो. त्याहून जास्त दाब खरोखर लागत असेल तर दोन कॉम्प्रेसर एकामागे एक लावा: पहिला वेगवान, नुसती टोकं पकडणारा, दुसरा संथ. एकाच कॉम्प्रेसरकडून १० डेसिबल काढून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

११७६ या १९६७ च्या कॉम्प्रेसरच्या सॉफ्टवेअर नकला अनेकजण वापरतात. त्यावर अटॅक आणि रिलीजची बटनं उलटी चालतात: उजवीकडे जाल तसा वेग वाढतो. शिवाय मूळ यंत्राचा सगळ्यात संथ अटॅकसुद्धा ०.८ मिलिसेकंदांचाच आहे. त्यामुळे ‘११७६ वर अटॅक १० मिलिसेकंद ठेवा’ असं सांगणाऱ्याने ते बटन कधी फिरवलेलं नाही, हे नक्की समजा.

आता मेकअप गेन. दाबल्याने जेवढी पातळी घटली तेवढीच परत द्या, मग बायपास करून, म्हणजे कॉम्प्रेसर बंद-चालू करून, ऐका. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, त्यामुळे दोन्हीची पातळी सारखी नसेल तर तुम्ही कॉम्प्रेसर नाही, नुसता आवाजाचा मोठेपणा पारखताय. आणि हे सगळं वाद्यं चालू ठेवून करा. सोलोमध्ये (वाद्यं बंद करून) मधाळ वाटणारा आवाज मिक्समध्ये बुडतो. मिक्समध्ये छान बसणारा आवाज सोलोमध्ये जरा रुक्ष वाटतो, आणि तो तसाच असू द्यावा.

स, श, च

दाबल्यानंतर ही अक्षरं वर येतातच. डीएसर, म्हणजे फक्त ही अक्षरं दाबणारा कॉम्प्रेसर, ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात लावा आणि ३–४ डेसिबलवर थांबा. जास्त ओढलंत तर गायक बोबडा वाटतो. दोन-तीनच शब्द त्रास देत असतील तर डीएसर नको, त्या अक्षरांचा क्लिप गेन कमी करा. यानंतर हवी असल्यास १० हजार हर्ट्झच्या वर १–२ डेसिबल चमक द्या.

रिव्हर्ब

रिव्हर्ब म्हणजे मुद्दाम दिलेला घुमारा. तो वेगळ्या सेंडवर (आवाजाची प्रत ज्यातून रिव्हर्बकडे जाते ती वाट) लावा, २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिले देऊन, म्हणजे शब्द आधी येतो आणि घुमारा मागून. रिव्हर्बमध्ये जाणाऱ्या आवाजाचं ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० हजारांच्या वरचं कापा. ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी युक्ती आजही चालते. रिव्हर्ब ऐकू येऊ लागेपर्यंत वाढवा, मग थोडा कमी करा.

शेवटची तपासणी

मिक्स अगदी हळू आवाजात, जमल्यास मोनोमध्ये आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. एखादा शब्द हरवला तर आता फेडरच्या ऑटोमेशनने (फेडर ठरल्या जागी आपोआप हलवणाऱ्या सोयीने) तेवढा शब्द एक-दीड डेसिबल उचला. कॉम्प्रेसर पुन्हा उघडू नका.